दि. म्हणजे तारीख

प्रिंट टेक्नॉलॉजीला आहे म्हटलं की कर्नाटकातल्या आमच्या चिटगुप्प्यातली माणसं हमखास एकच विचारायची, "म्हंजी झेरॉक्स का?" सुरुवातीला मी समजावून सांगायचे. ऑफसेट, प्लेट, चार रंग, बांधणी. पुढे कंटाळले आणि "व्हय, झेरॉक्सच" म्हणायला लागले. मग त्यांचं समाधान व्हायचं. सोबत बिझनेस मॅनेजमेंटही आहे म्हटल्यावर तर "चांगलंय, दुकान टाकता येतंय" असा आशीर्वाद देऊन मोकळे व्हायचे. पोरीनं कलबुर्गीला होस्टेलात राहून वर्षानुवर्षं झेरॉक्स शिकावी याचं कुणाला काहीच वाटत नव्हतं. आमच्या भागात शिक्षणावर फार विश्वास आहे. कसलं शिक्षण, याची चौकशी कुणी करत नाही.

खरं कारण घरातच ठाऊक होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, हैदराबादेत एका छापखान्यात कटिंगला होते. छापून आलेले मोठाले कागद थापटून सारखे करायचे आणि मशिनखाली धरून मापात कापायचे, हे त्यांचं काम. पंधरवड्याला बसनं घरी यायचे. येताना पिशवीत वाया गेलेले कागद असायचे. मशिन सुरू झालं की रंग नीट बसेपर्यंत पहिले कागद वायाच जातात, आणि तेच कागद उलटसुलट पुन्हापुन्हा वापरतात. त्यामुळे माझ्या गणिताच्या पुस्तकाचं कव्हर म्हणजे एका साबणाची जाहिरात आणि तिच्यावरच छापलेला कुठल्याशा देवस्थानाचा अहवाल. साबण लावणाऱ्या बाईच्या गालावर विश्वस्तांची नावं. वर्गात सगळे हसायचे, आणि मला मात्र त्याचा केवढा रुबाब वाटायचा.

मी दहावीत असताना एका शनिवारी अप्पा छापखान्यातून निघाले आणि घरी आलेच नाहीत. फोन बंद. मामा हैदराबादेला जाऊन आला. पोलिसांत तक्रार झाली, दवाखाने बघून झाले, जिथं बघू नये तिथंही बघून झालं. सापडले नाहीत. सापडले नाहीत म्हणून मेले असं म्हणता येईना, आणि आले नाहीत म्हणून आहेत असंही म्हणता येईना. पितरांत त्यांचं पान ठेवायचं नाही आणि रोजच्या जेवणात ताट वाढायचं नाही, अशी वर्षं सुरू झाली. माय कपाळाला कुंकू लावत राहिली. गल्लीतल्या बायका तिच्या कपाळाकडे बघून मग तिच्या डोळ्यांकडे बघायच्या. मला त्या बायकांचा अजून राग आहे.

बारावीनंतर मामा म्हणाला, पोरीला नर्सिंगला घाला, लगेच नोकरी लागतेय. तेव्हा मायनं चुलीपुढून मान वर केली.

"छापखान्याचं कुठं शिकवतेत का?"

"ते कामून?"

"त्यांना दुसरं काम कुठं येतंय? कागदाबिगर ऱ्हायचे न्हाईत ते. कुठल्या तरी छापखान्यातच असतील. ही शिकली तर चार गावचे छापखाने हिंडंल. दिसतील कुठंतरी."

माझी थोरली बहीण, अक्का, माझ्याकडे बघत राहिली. मी हसले नाही, कारण मला ते पटलं होतं. बाकीच्या पोरी नोकरीसाठी शिकत होत्या, मी बाप शोधायला शिकायला निघाले. फी सगळ्यांना सारखीच.

विद्यापीठात मला करमलं, हे खोटं कशाला सांगू? शाईच्या वासानंच करमलं. अप्पांच्या सदऱ्याला यायचा तो वास आमच्या वर्कशॉपच्या दारातच यायचा. पहिले काही दिवस मी दारात उगाच रेंगाळायचे. सर म्हणायचे, आत या, आत या, मशिन चावत नाही.

छपाईत चारच रंग असतात आणि ते एकावर एक तंतोतंत पडावे लागतात. त्याला रजिस्टर म्हणतात. रजिस्टर केसभर हललं की माणसाच्या चेहऱ्यामागे दुसरा चेहरा दिसायला लागतो, ओठ दोनदा, डोळे दोनदा. भिंग लावून कागद तपासायचा आणि कुठला रंग सरकलाय ते सांगायचं, यात मी पटाईत झाले. प्रूफ वाचण्यातही माझा हात कुणी धरत नव्हतं. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्हीतली चूक मला लांबून दिसायची. सर म्हणायचे, ही मुलगी चुकीच्या वासावर जाते.

मॅनेजमेंटचा तास मात्र मला झोपेचं औषध होता. एकदा बाईंनी प्रत्येकाला उभं करून विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल? कुणी म्हणालं मॅनेजर, कुणी म्हणालं स्वतःचा प्रेस, एकानं तर सरळ जर्मनीच गाठली. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, मला जमेल तेवढ्या छापखान्यांतल्या कटिंगवाल्यांना भेटायचंय. वर्ग खो खो हसला. बाईंना मात्र फार आवडलं. कामगारांशी थेट संवाद हाच आधुनिक व्यवस्थापनाचा पाया, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मी खाली बसले आणि वही तोंडासमोर धरली. मला रडू आलं होतं आणि हसूही येत होतं.

आम्हाला वर्षातून एकदोनदा मोठे छापखाने दाखवायला न्यायचे, बहुतेक वेळा हैदराबादेला. पोरं चाररंगी मशिनपुढे उभी राहून फोटो काढायची. मी पाणी प्यायला जाते म्हणून मागे जायचे. कटिंग नेहमी मागेच असतं, गोदामाच्या अंगाला, जिथं पंखा असून नसल्यासारखा. तिथली माणसं पाठमोरी असतात. कागदाचा गठ्ठा टेबलावर उभा आपटून सारखा करतात, मग तो पंख्यासारखा पसरून त्यात हवा भरतात, मग परत आपटतात.

एका छापखान्यात असाच एक माणूस पाठमोरा उभा होता. तीच बारीक मान, तेच एका खांद्यात झुकणं, आणि गठ्ठा पसरताना अंगठा बाहेर काढायची तीच पद्धत. मी हाक मारली नाही. हाक मारली तर तो वळेल आणि वळला तर संपेल, हे मला कळत होतं. तो कागद आपटत होता आणि मला बाप होता, तेवढा वेळ मी उभी राहिले. मग त्याला चाहूल लागली. वळला. गोल चेहरा, पान खाल्लेले दात. "एम कावालम्मा?" काय पाहिजे बाळ, असं त्यानं तेलुगूत विचारलं. अगदी मायेनं विचारलं. मी म्हणाले, कुछ नहीं, पानी.

होस्टेलवर परतल्यावर मायचा फोन यायचा. "दिसले का?"

"न्हाई, माय."

"बरं. जेवलीस का?"

दर वेळी हेच. ती दुसरं काही विचारत नव्हती आणि मी दुसरं काही सांगत नव्हते.

शेवटचं वर्ष सुरू झालं आणि अक्काचं लग्न ठरलं. मुलगा बीदरचा, शांत, चांगल्या स्वभावाचा. त्याचे वडील सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, बोलायला मऊ आणि मुद्द्याला पक्के. मी तेव्हा हैदराबादच्याच एका छापखान्यात काम शिकायला होते, त्यामुळे पत्रिका मीच करायची हे न बोलता ठरलं. आमच्याकडे पत्रिका दोन भाषांत असते, पुढे कन्नड, मागे मराठी. सोयरे दोन्हीकडचे, मग कुणी रुसायला नको. मी कागद निवडला, रंग ठरवला. सगळं झालं आणि गाडी एका अक्षरापाशी अडली.

मुलीच्या वडिलांच्या नावाआधी काय छापायचं?

हे विचारायला व्याही स्वतः मामाकडे आले. चहाचा कप खाली ठेवून त्यांनी मायला हात जोडले. "हे बघा ताई, राग मानू नका. श्री छापलं तर माणूस मांडवात पायजे. मांडवात न्हाई तर लोकं विचारायलेत, कुठं गेला? कामून गेला? कुणासंगं गेला? तुमच्या लेकीलाच ऐकावं लागंल सासरी. त्यापरीस एकदा सरळ लिवून टाका. माणसं हळहळतील अन् गप बसतील."

मी भडकले. म्हणाले, माणूस मेल्याचा कागद सरकार देत नाही आणि तुम्ही पत्रिकेवर कसा देता? मायनं मला हातानंच बसवलं. राग यायचं खरं कारण हे की ते बरोबर बोलत होते. आमच्याकडे मेलेल्या बापाला मान आहे. हरवलेल्याला नाही.

मामानं कन्नड मजकूर आधीच लिहून ठेवला होता. त्यात अप्पांच्या नावाआधी "दि." होतं. कन्नडात वारलेल्या माणसाच्या नावाआधी तसं लिहितात, दिवंगत याचं ते छोटं रूप. मायची शाळा चौथीपर्यंतची, तीही कन्नड, कारण तिच्या माहेरच्या गावात दुसरी नव्हतीच. घरात आम्ही मराठी बोलतो, पण मायला वाचता येतं ते कन्नडच. तिनं त्या अक्षरावर बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलं नाही.

"हे ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्यांना कन्नड वाचाय येत न्हाई."

अप्पा आळंदकडचे, महाराष्ट्राच्या सीमेवरच्या मादन हिप्परग्याचे. त्यांची शाळा मराठी.

"मराठीत काय लिवतेत?" तिनं मला विचारलं.

"कै."

"ते न्हाई लिवायचं. छापखान्यातला माणूस. कुठं हाताला लागली पत्रिका अन् वाचलं तर? आपून मेलोय म्हणून यायचेच न्हाईत."

व्याही चुळबुळले. "ताई, दोन्हीकडं एकच पायजे. पुढं मेला अन् मागं जिता, असं कसं चालंल?"

मायचं बोट अजून तिथंच होतं. मग ती मला म्हणाली, "हेच अक्षर मराठीत लिवलं तर काय व्हतंय?"

"दि.? मराठीत दि. म्हणजे तारीख. दिनांक."

"मेलं असं व्हत न्हाई ना?"

"नाही."

"मग तेच लिव्ह. कन्नडवाल्यांस्नी काय समजायचं ते समजू दे. तुझ्या अप्पांना वाटंल, छापणाऱ्यानं चूक केली. हसतील अन् येतील."

व्याह्यांनी कागद उलटापालटा करून बघितला. दोन्हीकडे दि. होतं. त्यांचं समाधान झालं.

एवढ्या वर्षांत छपाईची अशी युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. मी चुकीच्या वासावर जाणारी मुलगी, आणि बहिणीच्या पत्रिकेत जाणूनबुजून चूक लावत बसले. छापखान्यातल्या सुपरवायझरनं प्रूफ बघून विचारलं, मॅडम, मराठी में कुछ गड़बड़ है क्या? मी म्हणाले, नहीं, ऐसाच रहने दो, आणि खाली सही केली. ग्राहकानं सही केली की चूक ग्राहकाची, हे मॅनेजमेंटच्या पुस्तकातलं एक वाक्य मात्र नीट पाठ होतं. मायनं जास्तीच्या पत्रिका काढायला लावल्या होत्या. त्या मी ओळखीच्या छापखान्यांत, कटिंगच्या टेबलांवर ठेवून आले. कुणी विचारलं तर सांगायचे, बहन की शादी है, आना.

लग्नाला आठवडा उरला होता. अंगणात बायका हळद दळत होत्या, गाणी चालली होती. तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत आला आणि मला तो ओळखूच आला नाही. डोकं भादरलेलं, मिशी काढलेली, खांद्यावर ओला पंचा. ते माझे चुलते होते, अप्पांचे धाकटे भाऊ, मादन हिप्परग्यात शेती करणारे. उंबऱ्यापर्यंत आले, "वैनी" म्हणाले आणि तिथंच खाली बसून लहान लेकरासारखे रडायला लागले.

"कधी सापडला? मला कामून कळवलं न्हाई? माझा सख्खा भाऊ, अन् मला पत्रिकेवरनं कळावं व्हय?"

आळंदच्या स्टँडवर रोज कुणाचा ना कुणाचा फोटो लागलेला असतो, वर कन्नडात दि. आणि खाली नाव. शाळा मराठी असली म्हणून काय झालं? ते अक्षर तिथं सगळ्यांनाच वाचता येतं. चुलत्यांनी पत्रिका वाचली, अंगावरच्या कपड्यांनिशी अंघोळ केली, केस उतरवले आणि पहिली बस धरली.

गाणी थांबली. माय हळदीच्या हातांनी तशीच धावत आली.

"अवो भावजी, तसं न्हाई वो. ती तारीख हाय. मराठीत दि. म्हंजी तारीख. पोरगी शिकलीय, इचारा तिला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणाले, "व्हय काका, तारीखच."

चुलत्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. खिशातून घडी केलेली पत्रिका काढली, पुढून बघितली, मागून बघितली. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग तारीख कुठं हाय, वैनी? कोणती तारीख?"

मायकडे तारीख नव्हती. मेलेल्याची तारीख असते, दर वर्षी ती येते, माणसं जेवून जातात. जो येणार असतो त्याची असते, त्या दिवशी दार उघडं ठेवता येतं. आमच्या अप्पांची कुठलीच नव्हती. ती त्या उंबऱ्यात दिराच्या समोर बसली आणि रडली. अप्पा गेल्यापासून मी तिला रडताना बघितलं नव्हतं. रडलं म्हणजे कबूल केलं, असं ती धरून होती. आता ती हळदीचे हात तोंडाला लावून रडत होती आणि सगळं तोंड पिवळं झालं होतं. शेजारची एक म्हातारी पुढे आली आणि दटावून म्हणाली, हळदीच्या घरात असं रडू नये बाई, लेकीला बरं नसतंय.

लेकीचं नाव निघाल्यावर माय उठली. न्हाणीत जाऊन तोंड धुऊन आली. चुलत्यांच्या पुढे पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाली, "लग्नाचीच तारीख. दुसरी कोणती? त्या दिवशी येतील."

भादरलेल्या डोक्याला पंचा गुंडाळून चुलते मांडवाच्या बांबूंना हात लावायला गेले, आणि लग्न होईपर्यंत राहिले.

कन्यादान त्यांनीच केलं, डोक्यावर फेटा बांधून. मंगलाष्टकं चालू होती तेव्हा सगळा मांडव नवरा-नवरीकडे तोंड करून उभा होता. एकटी माय फाटकाकडे तोंड करून उभी होती. तिच्या मुठीतल्या अक्षता तिनं टाकल्याच नाहीत. अक्कानं अंतरपाटाच्या वरून एकदा तिच्याकडे बघितलं, मग खाली मान घातली. फाटकातून एक उशिरा आलेलं कुटुंब आत आलं, एक आइस्क्रीमवाला डोकावून गेला. बाकी कुणी नाही.

अक्का बीदरला गेली. मला परीक्षेसाठी कलबुर्गीला परतायचं होतं. माय मला बसवायला स्टँडवर आली, हातात डबा होता, भर दुपार होती. बस लागली. मी खिडकीत बसले. ती खाली उभी राहून डब्यात काय काय आहे ते सांगत होती, चटणी वेगळी बांधलीय, सांडू नको. ड्रायव्हर चढला. तेव्हा तिनं खिडकीच्या गजाला धरलं.

"तुझ्या लग्नाच्या पत्रिकेत कै. लिव्ह."

मी डबा मांडीवर घेतला.

"मराठीत लिव्ह. मोठ्या अक्षरात. त्यांना कळू दे."

बस निघाली. वाटेत कमलापूरला लाल केळी विकणाऱ्या बायका खिडकीशी आल्या, तेव्हाही मी रडत होते. एकीनं न मागता एक केळं हातात ठेवलं आणि पैसे घेतले नाहीत.

मी पास झाले. आता छापखान्यातच नोकरी करते, छापून आलेला कागद तपासायची. घरी गेले की मामा एखादं स्थळ घेऊन आलेला असतो. माणसं बसतात, पोहे खातात, शिक्षण ऐकून "झेरॉक्स का?" म्हणतात. मग कुणीतरी विचारतंच, वडील काय करतात? मामा घसा साफ करतो. त्यानं तोंड उघडायच्या आत मी सांगून टाकते, "हैदराबादेत छापखान्यात असतात." मामा मागाहून त्यांना फाटकापाशी नेऊन खरं काय ते सांगतो आणि ती माणसं परत येत नाहीत. मामा माझ्यावर चिडतो. माय आत सगळं ऐकत असते. ती कपाळाला आता कुंकू लावत नाही.